अर्ध्या इस्त्रीचा भार

तुम्ही एका बाईला सहाव्या मजल्यावर कोंडून घातलंत. कुलूप न लावता, आवाजही न चढवता. तुमच्या माणसाने लिफ्टच्या मोटरवरची पाटी वाचली, तिच्यावरचा आकडा उचलला आणि भलत्याच मापाच्या रकान्यात नेऊन ठेवला. बेरीज मंजुरीपेक्षा अर्ध्या किलोवॅटने जास्त आली. अर्धा किलोवॅट म्हणजे किती ते तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं. घरातली साधी इस्त्री एक किलोवॅट ओढते. म्हणजे अर्धी इस्त्री. तेवढ्यासाठी तुम्ही एका म्हाताऱ्या बाईचा खाली उतरायचा रस्ता तार गुंडाळून, शिसं दाबून बंद केलात. वीज ऑफिसच्या खिडकीपलीकडे बसणाऱ्यांनो, हे तुम्ही केलंत. आता नीट ऐका.

त्या बाईला सगळी इमारत थोरली म्हणायची, कारण तिची धाकटी बहीण रस्त्याच्या पलीकडे, समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची आणि एकीला दुसरीशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं. थोरली शर्ट शिवायची, धाकटी त्यांची काजं-बटणं करायची. नवरे होते तेव्हाही, नवरे गेल्यावरही. दुपारची भांडी आवरली की थोरली पिशवीत अर्धवट शर्ट कोंबायची, लिफ्टने खाली यायची आणि रस्ता ओलांडून बहिणीच्या दारात उभी राहायची. धाकटीची सुई चालायची त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. थोरली फारसं बोलायची नाही. तिला बोलायची गरजच पडायची नाही.

मग थोरली न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, जुळलं, पण जिना कायमचा सुटला. हातात वॉकर आला. तरी लिफ्ट होती, त्यामुळे दुपार शाबूत राहिली. रस्ता ओलांडायला आधीपेक्षा वेळ लागायचा एवढंच. धाकटी दारातून ओरडायची, "ये ये, तुझी गाडी आली का फलाटाला?"

त्यानंतर पाळी धाकटीची. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि जीभ एकदमच गेली. ती पलंगावर उताणी पडून राहू लागली. तोंडातून एकच अक्षर निघायचं, "ता." ताईमधलं पहिलं. पुढचं कुठेतरी गळून पडलं होतं. ज्या बाईचं तोंड उभ्या जन्मात मिटलं नव्हतं तिच्यापाशी आता एवढीच पुंजी उरली. फोन कानाशी धरला तर थोरलीला श्वास ऐकू यायचा आणि मधूनच "ता". धाकटीशी बोलायचं तर तिचा डावा हात हातात घेऊन बसावं लागायचं. तो हात दाबून विचारायचा, आवळून सांगायचा, चिमटाही काढायचा. म्हणून थोरली रोज जायची, जास्तच वेळ बसायची. आता बडबड करायची पाळी तिची होती आणि तिला ती जमत नव्हती, तरी करायची.

अशा वेळी तुमचा माणूस भार तपासायला आला.

माणूस वाईट नव्हता. लिफ्टपाशी भेटला तेव्हा त्याने थोरलीचा वॉकर धरून ठेवला, लिफ्टचं दार उघडून दिलं. मग तो वर मोटरच्या खोलीत गेला. लिफ्टच्या पाटीवर साडेसात लिहिलं होतं, त्याने साडेसात लिहिलं. खाली पाण्याच्या पंपावर पाच होतं, त्याने पाच लिहिलं. जिन्यातले आणि गच्चीवरचे दिवे तीन किलोवॅट धरले. फॉर्मवर रकाना एकच होता, किलोवॅटचा, आणि त्यात तिन्ही आकडे गुण्यागोविंदाने बसले. साडेपंधरा. इमारतीला मंजूर पंधरा. काही दिवसांनी नोटीस आली. भार कमी करा, नाहीतर सामाईक मीटरच काढून नेऊ.

आता काय बंद करायचं? पंप बंद केला तर सगळे तहानलेले, दिवे बंद केले तर सगळे जिन्यात ठेचकाळणार. लिफ्ट बंद केली तर कोण? सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचा, त्याचा लिफ्टशी संबंध फक्त वर्गणीपुरता. दुसऱ्या-तिसऱ्यावरचे जिनाच वापरायचे. चौथ्या मजल्यावरचे नवरा-बायको तरणेताठे होते. पाचवा रिकामा. उरला सहावा. सेक्रेटरी थोरलीकडे येऊन खाली मान घालून म्हणाला की थोडे दिवस कळ काढा, काहीतरी करतो. सहा जिने चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती आणि ती धाप बघून थोरलीला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही.

तुमची माणसं सील लावायला आली. लिफ्टच्या स्विचवर तार गुंडाळली गेली, तिच्या टोकाला शिशाचं बटण दाबलं गेलं. थोरलीने ते पाहिलं नाही. तिला फक्त ऐकू आलं की वर येता येता लिफ्टचा आवाज थांबला.

एकटेपणा म्हटलं की लोकांना शांतता वाटते. थोरलीच्या घरात शांतता नव्हती. पंपाची घरघर होती, चौथ्या मजल्यावरचा टीव्ही होता, खाली भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी माणसं होती. या सगळ्यात तिच्यासाठी एकही आवाज नव्हता. वाणसामान खालून दोरीला बांधून यायचं. ती गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या तळमजल्याची खिडकी बघत बसायची. खिडकी दिसायची, पडदा दिसायचा, तो तिनेच शिवलेला होता. पलंग दिसायचा नाही. पलंग आत भिंतीला लागून होता. दुपारी धाकटीला सांभाळणारी बाई फोन लावून तिच्या कानाशी धरायची.

"ता."

"हो गं. येते. दोन दिवसांत येते."

पलीकडे श्वास. खोटं तिला आवाजावरून कळायचं. हात हातात असता तर तिने चिमटा काढला असता.

घोळ कुठे झाला ते कळलं वायरमनमुळे. तो थोरलीच्या शिलाई मशीनची मोटर बघायला आला होता. मोटर उघडून ठेवली आणि सेक्रेटरीने दिलेली नोटीस थोरलीने पुढे केली तशी त्याने त्यातल्या आकड्यांवरून नजर फिरवली. मग हसायलाच लागला.

"काकू, यांनी घोडे मोजले आणि किलोवॅट म्हणून लिहिले."

तिला कळेना. त्याने समजावलं. मोटरच्या पाटीवर ताकद हॉर्सपॉवरमध्ये असते. एक हॉर्सपॉवर म्हणजे पाऊण किलोवॅटच्या आसपास. म्हणजे लिफ्टचे साडेसात म्हणजे साडेपाच-सहा किलोवॅट. पाटीवरची ताकद मोटर बाहेर देते ती, तिला स्वतःलाही गरम व्हायला थोडं लागतं, ते धरून सहा पूर्णांक चार. पंपाचे तसेच चार पूर्णांक चार. दिवे तीन. एकूण तेरा पूर्णांक आठ. मंजूर पंधरा. भार जास्त नव्हताच, उलट शिल्लक होती.

थोरलीने गळ्यातला टेप काढून त्याच्यासमोर धरला. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. ती म्हणाली, म्हणजे यांनी चाळीसची छाती उलट्या बाजूने वाचली आणि गिऱ्हाइकाला बाहुलीचा शर्ट शिवून दिला.

"बाहुलीचा नाही काकू, हत्तीचा," वायरमन म्हणाला. "त्यांनी मोठा करून ठेवलाय."

कित्येक दिवसांनी त्या घरात दोन माणसं एकाच गोष्टीवर हसली.

थोरलीला वाटलं, झालं, सुटलो. चूक सापडली की दुरुस्त होते हे तिला शिवणकामाने शिकवलं होतं. उसवायचं, परत शिवायचं. सेक्रेटरी वायरमनचे आकडे घेऊन ऑफिसात गेला आणि हात हलवत परत आला. तुम्ही त्याला सांगितलंत की सामाईक मीटर ज्याच्या नावावर आहे त्यानेच अर्ज करायचा. मीटर थोरलीच्या नवऱ्याच्या नावावर होतं. इमारत झाली तेव्हा पहिला सेक्रेटरी तो, त्यानेच धावपळ करून वीज आणली होती. नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. आता तो नाही, तर वारसाने यायचं, म्हणजे थोरलीने. समक्ष. अधिकारपत्र चालणार नाही, फोन चालणार नाही. खिडकीसमोर उभं राहून सही करायची. लिफ्ट सुरू करायची असेल तर आधी सहाव्या मजल्यावरून खाली या. हे सांगताना तुमच्यापैकी कुणालाही हसू आलं नाही, हे सेक्रेटरीने खास सांगितलं.

त्याच आठवड्यात भाचा वर आला, धाकटीचा मुलगा. दारातच बसला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "मावशी, माझी बदली झालीय. आईला घेऊन जातोय."

कधी, असं तिने विचारलं. महिनाअखेर, तो म्हणाला. लांब आहे, पण तिथे व्यायाम करून घेणारी माणसं चांगली आहेत. तू पण चल, असंही म्हणाला. मनापासूनच म्हणाला, पण भाड्याच्या दोन खोल्यांत बायको, मुलं आणि पलंगावरची आई ठेवणाऱ्या माणसाचं मनापासून केवढं असतं ते थोरलीला कळत होतं. ती म्हणाली, बघू. म्हणजे नाही.

वायरमनने मग चौथ्या मजल्याचं कपाट उतरवायला आलेल्या हमालांना गाठलं. मुकादम दणकट गडी, तो थोरलीकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, कपाटापेक्षा हलक्या दिसताय. थोरली म्हणाली, कपाट बोलत नाही, मी बोलते. "मग एकदाच," तो म्हणाला. "एकदा खाली, एकदा वर. माझी माणसं रोज रिकामी नसतात."

लाकडी खुर्चीत बसवून, पोटाभोवती पट्टा बांधून त्यांनी तिला उतरवलं. वळणावळणाला खुर्ची तिरकी व्हायची, ती डोळे मिटून घ्यायची. चौथ्यावरच्या बाईने दार उघडून बघितलं आणि लगेच मिटलं. खाली फुटपाथवर खुर्ची टेकली तेव्हा समोर रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे तिने शिवलेला पडदा. इतक्या जवळ की त्याची शिवण दिसत होती.

वायरमन म्हणाला, आधी ऑफिस. खिडकी जेवणाआधी बंद होते. येताना धाकट्या काकूंकडे बसू निवांत.

निवड तिची होती. कुणी तिचा हात ओढला नाही. एक दुपार हवी की रोजची दुपार हवी, एवढाच प्रश्न होता आणि तिला रोजची हवी होती. ती रिक्षात बसली. पडद्याकडे बघून हात हलवला, कुणाला दिसणार नव्हता तरी.

तुमच्या ऑफिसात बाक एकच आहे आणि त्याचा एक पाय आखूड आहे. थोरली त्यावर बसली. खिडकीवरच्या माणसाने कागद पाहिले आणि साहेब बाहेर गेलेत असं सांगितलं. खिडकी बंद झाली. तुम्ही जेवलात. डब्यांचा वास बाहेर आला. वायरमन तीनदा चहा विचारून गेला, तिने एकदाही घेतला नाही, कारण तिथे बायकांसाठी संडास जिना चढून वर होता. साहेब आला तेव्हा उन्हं कलली होती.

साहेबाला सगळं कळत होतं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. कागद बघताच तो म्हणाला, "हॉर्सपॉवरच लिहिलेत हो. शेंबडं पोरही सांगेल."

"मग सील काढा," थोरली म्हणाली.

"आजी, चूक मला दिसते. पण आकडा एकदा चढला की हाताने उतरत नाही. पुन्हा मोजणी लागते. उद्या माणूस पाठवतो, परवा तुमची लिफ्ट सुरू."

तो गोड बोलला. त्याने तिला पाणी दिलं. सही करताना कागद धरून ठेवला. थोरलीने विश्वास ठेवला. चांगुलपणाला भुलणं हा काही गुन्हा नाही.

परत आले तेव्हा मुकादम फाटकाशी घड्याळ बघत उभा होता. दुसऱ्या ठिकाणी ट्रक थांबला होता. तो म्हणाला, काकू, आत्ता नाहीतर नाही. वायरमन त्याच्याशी वाद घालायला लागला, दहा मिनिटं दे म्हणाला. थोरलीने रस्त्यापलीकडे पाहिलं. पडद्याआड दिवा लागला होता. दहा मिनिटांत रस्ता ओलांडून, उंबरा चढून, पलंगापाशी जाऊन परत येणं तिच्याच्याने होणार नव्हतं. रात्री तिथेच राहावं तर भाच्याच्या भरल्या घरात जागा नव्हती. आणि परवा लिफ्ट सुरू होणार होती.

"चला," ती म्हणाली. "परवा जाईन. रोजच जाईन."

दुसऱ्या दिवशी माणूस आला, दिल्या शब्दाप्रमाणे. त्याच्याकडे चिमट्यासारखं यंत्र होतं, तारेभोवती धरलं की किती अँपिअर वाहतात ते सांगणारं. त्याने पंप मोजला, दिवे मोजले. मग लिफ्ट चालू करा म्हणाला. सेक्रेटरीने तारेतलं शिसं दाखवलं. माणूस म्हणाला, लिफ्ट चालल्याशिवाय अँपिअर मिळणार नाहीत, अँपिअरशिवाय किलोवॅट लिहिता येणार नाहीत. मग तोड सील, सेक्रेटरी म्हणाला. तो माझा अधिकार नाही, माणूस म्हणाला, सील लावणारं खातं वेगळं. ते खातं म्हणालं, नवी मोजणी आणा, मग तोडतो. साहेबाला फोन केला तर साहेब रजेवर. तो परवाचा दिवस आला आणि गेला. त्यानंतरचेही दिवस गेले.

फोनवर धाकटी आता "ता" सुद्धा क्वचित म्हणायची. थोरली तिला अँपिअर सांगायची, किलोवॅट सांगायची. दुसरं सांगण्यासारखं तिच्याकडे काही घडतच नव्हतं.

वायरमनने पुन्हा मुकादमाला गाठलं. हातापाया पडला असेल, त्याने सांगितलं नाही. मुकादम कबूल झाला, धाकटीच्या जायच्या दिवशी, दुपारी. गाडी संध्याकाळी निघणार होती. थोरलीने आदल्या दिवशीच पिशवी भरली. आत एक पांढरा शर्ट ठेवला, काजं न केलेला. धाकटीच्या डाव्या हाताला सुई जमते का बघू, असा तिचा विचार होता.

गाडी सकाळी आली. भाच्याचा फोन आला की मावशी, ड्रायव्हर म्हणतोय आत्ताच निघू, पुढे रस्ता बंद होणार आहे. त्याचा आवाज रडवेला होता. थोरलीने फोन तसाच ठेवला आणि वॉकर ढकलत गॅलरीत गेली.

दोन माणसांनी धाकटीला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. स्ट्रेचरवरचं माणूस आभाळाकडे बघतं. इतके दिवस थोरलीला जे दिसलं नव्हतं ते आता सहा मजले खाली, उघड्यावर, तिच्याकडे तोंड करून पडलं होतं. तिने हाक मारली. रस्त्याच्या गलबल्यात ती कुठे पोचणार. मग तिने पिशवीतला शर्ट काढला आणि दोन्ही बाह्या धरून कठड्यावरून सोडला. वाऱ्याने तो फुगला.

धाकटीचा डावा हात चादरीतून वर आला. बोटं चिमटीत जुळली आणि हात हळूच वर गेला, सुईतला धागा ओढतात तसा. एकदा. मग पुन्हा एकदा. स्ट्रेचर गाडीत सरकलं, दार लागलं.

दुपारी मुकादम आपली माणसं घेऊन आला. सहा जिने चढून दारात उभा राहिला आणि त्याला काही सांगावं लागलं नाही. तो खुर्चीकडे बघून म्हणाला, "काकू, बसा तरी. नुसतं खाली नेऊन आणतो."

ती नको म्हणाली.

लिफ्ट सुरू झाली आहे. तेवढ्यासाठी तुमचे आभार मानायचे असतील तर ते नव्या फॉर्मचे मानावे लागतील. तुमच्याकडे नवा फॉर्म आला, त्यात हॉर्सपॉवरला वेगळा रकाना आला आणि सगळ्या भागातले जुने आकडे यंत्राने आपोआप फिरवून घेतले. थोरलीच्या सहीचा, खुर्चीचा, त्या आखूड पायाच्या बाकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. एक माणूस पक्कड घेऊन आला, तार कापली, शिसं खिशात टाकून गेला. कागदावर लिहिलं आहे, भार तेरा पूर्णांक आठ, मंजुरीच्या आत. खाली एक शब्द आहे, नजरचुकीने.

आता रोज दुपारी, भांडी आवरली की, थोरली सवयीने लिफ्टपाशी येते. बटण दाबते. लिफ्ट वर येते, दार उघडतं, आत दिवा असतो. पिशवी हातात असते, शर्ट आत असतो. ती आत जात नाही. थोड्या वेळाने दार आपोआप मिटतं आणि लिफ्ट खाली निघून जाते, कुणीतरी बोलावलेलं असतं.

तुमचं गणित दुरुस्त झालं, तुमचा रकाना भरला. आता एकाच प्रश्नाचं उत्तर द्या, लेखी द्या, सहीशिक्क्यानिशी द्या, हवं तर किलोवॅटमध्ये द्या, नाहीतर हॉर्सपॉवरमध्ये द्या. तिने आता खाली कुणाकडे जायचं?